भाडेकरू दोन, करारात नाव एकाचं

यवतमाळहून पदवीनंतर पुढं शिकायला निघालेल्या मुलामुलींच्या वाटा ठरलेल्या आहेत. अमरावती साधारण नव्वद किलोमीटरवर, नागपूर दीडशेवर, आणि पुणं म्हटलं की रात्रभराची ट्रॅव्हल्स. जिल्ह्याला स्वतःचं विद्यापीठ नाही. इथली कला, विज्ञान, वाणिज्य महाविद्यालयं १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाशी जोडलेली. एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करायची तर बहुतेकांना घर सोडावं लागतं, आणि घर सोडलं की खोली शोधणं आलंच. घरमालकाचे तीन प्रश्न ठरलेले असतात: कुठले, किती जण, व्हेज की नॉनव्हेज? त्यातून जो पार पडला त्यानं ‘सोबत कुत्रा आहे’ म्हटलं, की चौथा प्रश्न येतच नाही. ‘बघतो, कळवतो’ म्हणून फोन ठेवला जातो.

विषय चोचल्यांचा वाटेल. ज्याला स्वतःला झोपायला जागा नाही त्यानं कुत्रा कशाला सांभाळावा, असं म्हणणारे घराघरात भेटतील. पण शिकणाऱ्या माणसाच्या निवाऱ्याची व्यवस्था आपण कशी लावली आहे, तिच्यात कुठं भोकं आहेत, हे या एका प्रश्नातून जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसऱ्या कशातून क्वचितच दिसत असेल.

हा प्रश्न कुणाचा

खेड्यात कुत्रा वावराचा राखणदार. राळेगाव, पांढरकवड्याच्या पट्ट्यात रानडुकरांपायी रात्रीची जागल करावी लागते. २०१८ साली ठार झालेल्या अवनी वाघिणीच्या दिवसांत तर एकट्यानं वावरात जायची सोय नव्हती. अशा घरातल्या कुत्र्याला नाव असतं, ताटातली भाकर असते, मात्र गळ्यात पट्टा, लसीचं कार्ड, नगरपालिकेचा परवाना यांतलं काही नसतं. त्याची कधी गरजच पडलेली नसते. तो कुत्रा शहरात न्यायचं ठरलं की पहिल्यांदा कागद लागतात.

न्यायची वेळ का येते, याची कारणं साधी आहेत. घरातलं म्हातारं माणूस गेलं, मोठा भाऊ नोकरीला लागला, घराला कुलूप लागलं. कुत्रं ठेवायचं कुणाकडे? दुसरा प्रकार पदवीच्या काळात यवतमाळात भाड्यानं राहणाऱ्यांचा. वाघापूर, लोहारा, उमरसऱ्याच्या वस्त्यांत रस्त्यावरचं पिल्लू उचलून आणलेलं असतं, तीन वर्षांत ते जीव लावून बसतं. तिसरा प्रकार एकट्या राहणाऱ्या मुलींचा. त्यांच्यासाठी कुत्रा म्हणजे सोबतही आणि सुरक्षाही. पीएच.डी.ला चार-पाच वर्षं सहज जातात. तेवढ्या काळासाठी ‘शिक्षण झालं की बघू’ हे उत्तर पुरत नाही, कारण मध्यम आकाराच्या कुत्र्याच्या आयुष्याचा तो तिसरा हिस्सा असतो.

भत्त्याचं गणित

खोलीचा खर्च कुठून येतो ते आधी पाहू. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, आणि इतर मागास व भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी अलीकडची ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. यवतमाळसारख्या गोंड, कोलाम, बंजारा, दलित वस्तीच्या जिल्ह्यात या योजनांवर किती घरांचं शिक्षण चालतं ते वेगळं सांगायला नको.

स्वाधारचा आकडा मुंबई, पुणे, नागपूर या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये. त्यात भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. अमरावतीसारख्या महापालिकेसाठी एकूण ५१,०००, पैकी निवासाचे १५,०००. यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००, त्यात निवासाचे १२,०००. निवासाची रक्कम बारानं भागली की खरं चित्र समोर येतं. पुण्यात महिन्याला १,६६६ रुपये, अमरावतीत १,२५०, यवतमाळात १,०००. पुण्यात विद्यापीठाच्या आसपास एवढ्या पैशात स्वतंत्र खोली सोडा, कॉट बेसिसवर पलंगही मिळणं कठीण. आणि कॉट बेसिस म्हणजे एका खोलीत चार पलंग, भिंतीत एक कपाट, दाराशी चपलांचा ढीग. तिथं कुत्र्याचा विषयच निघत नाही.

नेट-जेआरएफ मिळालेल्यांची गोष्ट निराळी. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती महिन्याला ३७,००० रुपये झाली, वरच्या टप्प्यावर ४२,०००. वसतिगृह नसेल तर घरभाडं वेगळं. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. कागदावर या पैशात कुत्र्यासह नीट राहता येतं. अडचण वेळेची आहे. घरमालकाला भाडं एक तारखेला हवं असतं आणि अधिछात्रवृत्ती कधीकधी कित्येक महिन्यांची एकदम येते. मधल्या महिन्यांत उसनवारी. म्हणून ‘परवडणारं’ घर ठरवताना भाड्याइतकंच डिपॉझिटकडं पाहावं लागतं. कुत्रा असला की हे डिपॉझिट हमखास वाढतं.

तीन शहरं, तीन तऱ्हा

पुणं विद्यापीठ १९४९ सालचं, गणेशखिंडीतला परिसर चारशे एकरांहून मोठा. भोवतालचे औंध, बाणेर, मॉडेल कॉलनी हे भाग विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर गेले त्याला बरीच वर्षं झाली. उरतात खडकी, बोपोडी, गोखलेनगर-जनवाडी, आणि नदीपलीकडं सांगवी, पिंपळे गुरव, दापोडी. पिंपळे गुरव भागात विदर्भ-मराठवाड्यातून आलेली कुटुंबं बरीच. ‘कुठले’ या प्रश्नाला ‘यवतमाळ’ म्हटलं तर समोरचा ‘आमचं पुसद’ म्हणण्याचीही शक्यता. गल्लीतल्या दोन-तीन मजली इमारती, खाली मालक, वर भाडेकरू. सोसायटी नाही, म्हणून सोसायटीचे नियमही नाहीत. कुत्र्याला जागा मिळालीच तर अशाच ठिकाणी, आणि तीही बहुधा गच्चीवरच्या खोलीत.

नागपूरचं विद्यापीठ १९२३ सालचं, अमरावती रोडवरचा परिसर. रविनगर, भरतनगर, गोकुळपेठ, धरमपेठ महाग. वाडी, दत्तवाडीकडं सरकलं की भाडी उतरतात. हिंगणा रोडवर २०२० पासून मेट्रो आहे. नागपूरचा मोठा गुण म्हणजे लेआऊटमधली स्वतंत्र घरं: पुढं लोखंडी गेट, बाजूला दोन-चार फुटांची मोकळी पट्टी, मागं मोरी. मोठ्या शहराच्या हिशेबात ही चैन आहे. दुसरा गुण सेमिनरी हिल्सवरचं नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय. १९५८ सालच्या या संस्थेच्या चिकित्सालयात खासगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात तपासणी होते. दोष उन्हाळा. मे महिन्यात टिनाच्या खोलीत कूलर लावूनही माणूस तगमगतो. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, त्याचा जीव धापेवर चालतो. नागपुरात गच्चीवरची किंवा टिनाची खोली कुत्र्यासाठी घेऊच नये, भाडं कितीही कमी असलं तरी.

अमरावतीत शेगाव नाका, राठीनगर, गाडगेनगर, कठोरा रोड या भागांत विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. भाडं तिन्ही शहरांत सर्वांत कमी, घरमालक ओळखीतला निघण्याची शक्यता जास्त. नकारही घरगुती असतो: “पोरा, तू राह्य, तुह्यं कुत्रं नको. ते भुकलं त शेजारचे मले बोलतीन.” पण अशा नकारात बोलण्याला वाव असतो. मात्र विद्यापीठाचा परिसर पोहरा-मालखेडच्या जंगलाला लागून आहे आणि तिकडं बिबट्यांचा वावर नवा नाही. कुत्रा बिबट्याचं सोपं भक्ष्य. मार्डी रोडकडच्या वस्तीत राहायचं तर रात्री कुत्रा अंगणात बांधून ठेवता येत नाही. त्याला घरात घेण्याची परवानगी मालकाकडून आधीच काढावी लागते.

कायदा कुठवर पोचतो

कुत्रेवाल्यांच्या तोंडी एक वाक्य असतं: ‘कायद्यानं कुणी अडवू शकत नाही.’ ते निम्मं खरं आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं फेब्रुवारी २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार सोसायटीला ठराव करून पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरू नका म्हणता येत नाही, भुंकण्याचं निमित्त करून कुत्रा काढायला लावता येत नाही. केरळ उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये निवासी संघटनांच्या अशा बंदीच्या अटी बेकायदा ठरवल्या. तो निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नसला तरी वजनदार आहे.

पण हे सगळं सोसायटीपुरतं. स्वतःच्या खोलीत कुणाला ठेवायचं आणि कोणत्या अटीवर, हे मालक ठरवतो. सोसायटीला अडवणारा कायदा घरमालकाच्या उंबऱ्यापाशी थांबतो. विद्यार्थ्यांची गफलत इथं होते. २०१५ च्या सूचनांची प्रत छापून घेऊन ते मालकाशी वाद घालतात. तो म्हणतो, सोसायटीचं मला सांगू नका, मलाच नको आहे. त्यावर उत्तर नसतं.

मालक एकदा तयार झाला की मात्र कायदा विद्यार्थ्याच्या बाजूला येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, अंमल ३१ मार्च २००० पासून. त्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला’ ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. मुद्रांक शुल्क पाव टक्का. साध्या खोलीच्या कराराला काही शे रुपये, वर महापालिका हद्दीत नोंदणीचे १,०००. एवढ्या खर्चात कुत्र्याचा उल्लेख कायमचा कागदावर येतो. कलम २९ प्रमाणे पाणी, वीज तोडून भाडेकरूला बाहेर काढता येत नाही. ‘कुत्रा काढ, नाहीतर मीटर बंद करतो’ ही धमकी पोकळ आहे, हे माहीत असावं.

घरमालकाचं म्हणणं

त्याला खलनायक ठरवणं सोपं आहे. त्याची भीती सगळी खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी ३६ टक्के भारतात होतात. खाली नातवंडं खेळत असतात. मच्छरदाणीच्या जाळ्या फाटतात, दाराची चौकट कुरतडली जाते, पावसाळ्यात जिन्यात वास येतो. विद्यार्थी दिवसभर प्रयोगशाळेत, मागं कुत्रा भुंकत बसतो, आणि शेजाऱ्यांची बोलणी मालकाला खावी लागतात. सर्वांत मोठी धास्ती शेवटची: पोरगं परीक्षा देऊन निघून जाईल, कुत्रं गल्लीत सोडून. हे घडतं. प्राण्याला असं सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त पन्नास रुपये. त्या दंडाचा धाक कुणाला वाटणार?

काही नकारांमागं मात्र कुत्रा नसतो. कुत्र्याला अंडी, कोंबडीचे पाय लागतात. ‘आमच्याकडे कुत्रं चालत नाही’ या वाक्यात पुष्कळदा ‘आमच्याकडे मटण शिजलेलं चालत नाही’ हे दडलेलं असतं, आणि त्याच्याही आत आडनावाची चौकशी. ज्या मुलाला आडनाव सांगितल्यावर खोली नाकारली जाते, त्याला कुत्र्याचं कारण सांगणं मालकाला सोयीचं जातं. म्हणून दहा नकार मिळाले तर दहाही कुत्र्यामुळं मिळाले असं समजू नये. आणि दरवेळी कुत्रा लपवून खोली घेतली की काम होईल असंही नाही. दुसऱ्या महिन्यात भांडण ठरलेलं.

वसतिगृह आणि आवारातली कुत्री

वसतिगृहात पाळीव प्राणी चालत नाहीत, यात गैर काही नाही. एका खोलीत तिघं राहतात. पण आवारातल्या कुत्र्यांशी विद्यार्थ्यांचं नातं असतं आणि अनेकांना तेवढं पुरतंही. ते नातंही आता अडचणीत आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी भटक्या कुत्र्यांची नसबंदी, लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडण्याची पद्धत पक्की केली होती. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात ती साधारण कायम ठेवली, पण ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शैक्षणिक संस्था, रुग्णालयं, बस व रेल्वे स्थानकं इथली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवावीत, तिथंच परत सोडू नयेत, असं सांगितलं. कुणी अशा कुत्र्याला दत्तक घ्यायचं म्हटलं, तर गाठ पुन्हा घरमालकाशीच.

बाहेर काय चालतं

फ्रान्समध्ये १९७० च्या कायद्यानं घरभाड्याच्या करारातली पाळीव प्राण्यांवरची सरसकट बंदी निरर्थक ठरवली. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताचा २००६ चा भाडे कायदाही तेच म्हणतो. इंग्लंडनं २०२५ च्या कायद्यात भाडेकरूला प्राणी ठेवण्याची परवानगी मागण्याचा हक्क दिला. मालकाला वाजवी कारणाशिवाय नाकारता येणार नाही. अमेरिकेत बाजार ठरवतो: कुत्र्यासाठी वेगळं डिपॉझिट, वर महिन्याचं वेगळं भाडं, काही जातींना बंदी. तिथं शिकणारी आपली मुलं चौघांत घर घेतात ती पैसे वाचवायला, आणि त्यांतल्या एकाला कुत्रा हवा असेल तर बाकी तिघांची संमती लागते.

आपल्याकडं फ्रान्ससारखा नियम आला तर? मालक कुत्र्याचं नाव न काढता दुसऱ्या कारणानं नकार देईल, कारण आडनावाबाबत तो आजही तेच करतो. इंग्लंडचा मार्ग जवळचा वाटतो. नकार द्यायचा तर कारण लेखी द्या, एवढी अट घातली तरी निम्मे नकार गळून पडतील.

जमतं ते कसं

ज्यांचं जमलं त्यांच्या धडपडीत एक क्रम दिसतो. खोलीच्या आधी कागद. तीन महिन्यांच्या वयानंतर रेबीजची लस आणि दरवर्षीची मात्रा, तारखांसह कार्ड, नसबंदी, शहरात पोचल्यावर महापालिकेचा श्वान परवाना. यवतमाळच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात निघण्याआधी परवाना सोडून बाकीचं उरकता येतं.

मग प्रवास. पुण्याला जायचं तर गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्स्प्रेससारखी गाडी वर्ध्याहून किंवा बडनेऱ्याहून धरावी लागते. रेल्वेत कुत्रा एसी फर्स्टच्या पूर्ण कूपेत सोबत नेता येतो, नाहीतर पार्सल कार्यालयात नोंदवून गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवावा लागतो. सेकंड एसी, थ्री टियर, स्लीपरमध्ये नाही. कूपे परवडत नाही आणि पेटीतला रात्रभराचा प्रवास भित्र्या कुत्र्याला झेपत नाही. मग तिघं-चौघं मिळून गाडी करणं हाच उपाय उरतो. नागपूर-अमरावतीला हा खर्च जवळपास नसतोच, हेही त्या शहरांच्या बाजूनं धरायला हवं.

खोली बघताना तळमजला, स्वतंत्र दार आणि मालक त्याच आवारात राहणारा, या तीन गोष्टी आधी पाहाव्यात. बरेच जण दूर राहणारा मालक शोधतात. लपवायला बरं म्हणून. उलट जो रोज कुत्रा पाहतो त्याचा धीर लवकर चेपतो. पहिल्या भेटीला कुत्रा सोबत न्यावा, फिरवून दमवून. आणि करारात असा मजकूर घालून घ्यावा (‘परवानाधारक’ म्हणजे भाडेकरू): ‘परवानाधारकासोबत एक देशी कुत्री राहील. तिचे वार्षिक लसीकरण व महापालिकेचा परवाना ही जबाबदारी परवानाधारकाची राहील. दारे, जाळ्या वा भिंतींचे नुकसान झाल्यास दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च अनामत रकमेतून वळता करता येईल. जागा सोडताना कुत्री सोबत नेली जाईल.’ शेवटचं वाक्य मालकाची सगळ्यांत मोठी धास्ती घालवतं. ते विद्यार्थ्यानं आपणहून सुचवावं.

कुत्र्याचा दिवसभराचा एकटेपणा मात्र करारानं सुटत नाही. दोन मित्रांच्या वेळा उलटसुलट असतील, एकाची सकाळची प्रयोगशाळा, दुसऱ्याचं दुपारचं ग्रंथालय, तर निभतं. तसा सोबती नसेल तर कुत्रा गावी, अंगणात, ओळखीच्या माणसांत ठेवून सुटीत भेटणं यात कमीपणा नाही. सहाव्या मजल्यावरच्या बंद खोलीपेक्षा त्याला ते बरं.

मागायचं काय

हे सगळं विद्यार्थ्यानं एकट्यानं निस्तरावं, अशी आजची रीत आहे. तीन गोष्टी व्यवस्थेनं करण्यासारख्या आहेत. पहिली: स्वाधार, स्वयंम, आधारचा निवास भत्ता त्या-त्या शहराच्या भाड्याशी जोडावा आणि दरमहा द्यावा, पुण्याला आणि नागपूरला एकच रक्कम लावणं हिशेबात बसत नाही. दुसरी: विद्यापीठानं नोंदणीकृत करार करणाऱ्या घरमालकांची यादी ठेवावी, आणि त्यात ‘प्राणी चालेल’ हा एक रकाना असावा. त्याला पैसे लागत नाहीत. प्रवेशाच्या दिवसांत एका कारकुनाचं काम. तिसरी: राज्यानं भाडे कायद्यात लेखी कारणाची अट आणावी.

यांतलं काहीही येत्या जूनपर्यंत होणार नाही. तोवर यवतमाळच्या मुलामुलींना माझा सल्ला रूढ सल्ल्याच्या उलटा आहे. आधी विद्यापीठ, मग शहर, मग खोली, आणि शेवटी कुत्र्याचं बघू, असा क्रम आपण लावतो. विषय तिन्ही विद्यापीठांत शिकवला जात असेल तर नागपूर किंवा अमरावती आधी पाहावं. पुण्याच्या नावापायी वाढीव भाडं आणि लपवलेला कुत्रा घेऊन पाच वर्षं संशोधन होत नाही. विषय फक्त पुण्यातच असेल तर खोली नक्की झाल्यावरच कुत्र्याला न्यावं, आधी नाही. आणि दोन्ही जमत नसेल, तर गावात त्याला कोण सांभाळणार हे नाव घेऊन ठरवल्याशिवाय ट्रॅव्हल्सचं तिकीट काढू नये.